साथीच्या काळातील चतुष्पाद : नेतृत्व कोणाचे, काम कोणाचे?

वैद्यबंधुभगिनींनो आणि औषधालयांच्या चालक-मालकांनो,

चरकसंहितेच्या विमानस्थानातील तिसरा अध्याय आपण सर्वांनी पदवीच्या वर्षांत अभ्यासला आहे. जनपदोद्ध्वंसाचा प्रश्न आला की वायू, उदक, देश आणि काल हे चार भाव दूषित होतात, एवढे लिहून आपण गुण मिळविले. त्या अध्यायाचा प्रारंभ कसा होतो, इकडे मात्र आपले फारसे लक्ष गेले नाही. ग्रीष्माच्या अखेरच्या महिन्यात, कांपिल्य नगरीजवळ गंगातीरावरील वनात फिरत असता भगवान पुनर्वसु आत्रेय आपल्या शिष्यास, अग्निवेशास, सांगतात की सृष्टीची लक्षणे बिघडलेली दिसतात. भूमीचा रस जाण्यापूर्वीच औषधी काढून ठेवा. त्या वेळी साथ आलेली नाही, रोगी एकही नाही. तरीही आचार्यांची पहिली आज्ञा पूर्वतयारीची आहे, आणि काम कोणी करावयाचे हेही त्याच क्षणी ठरलेले आहे.

आमचे कन्हान हेही नदीकाठचेच गाव. छिंदवाड्याकडून येणारी कन्हान नदी बीना संगमावर पेंच व कोलार यांचे पाणी घेऊन आमच्यापर्यंत येते. पलीकडच्या तीरावर कामठी आहे, भोवताली कोळशाच्या खाणी आहेत, आणि नागपूर शहराच्या पिण्याच्या पाण्याचा मोठा हिस्सा याच नदीतून उचलला जातो. माझ्या व्यवसायाच्या काळात या परिसराने २००६ चा चिकुनगुन्या पाहिला, २००९ नंतरचा स्वाइन फ्लू पाहिला, २०१८ चा स्क्रब टायफस पाहिला. २०२० च्या मार्चमध्ये करोना आला, आणि तो ऐन भरात असतानाच ऑगस्टच्या अखेरीस पेंच प्रकल्पाचे दरवाजे उघडून कन्हानला महापूर आला. २०२२ च्या जुलैत कोराडी वीज केंद्राच्या राखेचा खसाळा येथील बंधारा फुटून राख नदीनाल्यांत उतरली. उदक आणि देश यांची दुष्टी समजावून घेण्यास आम्हांस ग्रंथ उघडण्याचीही गरज राहिली नाही.

या सर्व प्रसंगांनंतर आपल्या बैठकांत एकच चर्चा ऐकू येते : आणीबाणीत आयुर्वेदास नेतृत्व मिळाले पाहिजे. मागणी चुकीची आहे असे मी म्हणत नाही. परंतु नेतृत्व म्हणजे नेमके काय आणि आपल्याकडून कोणत्या कामाची अपेक्षा आहे, याचा विचार त्या मागणीच्या आधी व्हावयास हवा, असे माझे नम्र मत आहे. हे मत मी एका चुकीची किंमत देऊन बनविलेले आहे. ती चूक येथे सांगणे माझे कर्तव्य समजतो.

२०२१ चा एप्रिल महिना. वयाची पन्नाशी गाठलेले एक खाणकामगार गृहस्थ, माझ्याकडे अनेक वर्षे येणारे, तापाच्या चौथ्या दिवशी आले. पहिल्या लाटेत सौम्य लक्षणांच्या अनेक रुग्णांना माझ्या औषधांनी बरे वाटले होते; त्या अनुभवाचा मला विश्वास होता, थोडा अहंकारही होता. सकाळी ऑक्सिमीटरवर ९३ आकडा दिसला, सायंकाळी ९१. त्यांना हलविले पाहिजे हे मला कळत होते. सहा ठिकाणी दूरध्वनी केले. प्रत्येक ठिकाणाहून दुसरीकडे विचारा असे उत्तर मिळाले. रात्रभर लक्ष ठेवू आणि सकाळी पाहू, असे मी त्यांच्या मुलास सांगितले. पहाटे आकडा ७८ वर आला होता. रुग्णवाहिकेतून नेत असतानाच ते गेले.

पुढे दोन गोष्टी कळल्या. त्याच रात्री नदीपलीकडच्या एका तरुण वैद्यमित्रास एक खाट रिकामी असल्याचे ठाऊक होते. मी त्यास विचारले नाही, कारण आमच्यात तशी पद्धतच नव्हती. आणि माझ्या दवाखान्यापासून चार दुकाने पलीकडे असलेल्या औषधविक्रेत्याच्या लक्षात आठवडाभरापूर्वीच आले होते, की त्या गृहस्थांच्या वस्तीतून तापाच्या गोळ्यांची विक्री अचानक वाढली आहे. त्याने ते कोणास सांगितले नाही, कारण कोणी विचारले नाही. त्या घरातील मंडळी आजही माझ्याकडेच येतात. त्यांनी मला कधी एका शब्दाने दोष दिला नाही, आणि म्हणूनच तो दोष मला विसरता येत नाही.

खाटा नव्हत्या हे खरेच. तथापि किती आकड्याखाली रुग्ण माझा राहत नाही, कोणास प्रथम विचारावयाचे, मी दमलो तर निर्णय कोण घेणार, यांतील एकही गोष्ट मी आधी ठरविलेली नव्हती. आणीबाणीत मनुष्य विचार करून वागत नाही. ठरलेले असेल तसे वागतो, आणि काहीच ठरलेले नसेल तर सवयीप्रमाणे वागतो. माझी सवय रुग्ण आपल्याकडे ठेवण्याची होती.

केवळ अधिकार म्हणजे नेतृत्व नव्हे, याचा धडा महाराष्ट्राने फार पूर्वी घेतला आहे. १८९७ साली पुण्यात प्लेग आला तेव्हा डब्ल्यू. सी. रँड या अधिकाऱ्याकडे प्लेग निवारणाचे काम सोपविण्यात आले. त्याच वर्षी साथरोग कायदा झाला होता, सैनिक दिमतीस होते, आज्ञेची साखळी चोख होती. घरोघर झडत्या झाल्या, संशयित रुग्ण बळाने हलविले गेले. लोक रोग लपवू लागले, आणि २२ जून १८९७ च्या रात्री चापेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली. त्याच शहरात, त्याच साथीत, सावित्रीबाई फुले आपले पुत्र डॉ. यशवंत यांच्या दवाखान्यात प्लेगग्रस्तांना आणून त्यांची शुश्रूषा करीत होत्या. त्याच रोगाने १० मार्च १८९७ रोजी त्यांचा मृत्यू झाला. सावित्रीबाईंजवळ कायदा नव्हता, विश्वास होता. दोन्ही एका ठिकाणी असते तर पुण्याचे चित्र वेगळे दिसले असते. तोच कायदा २०२० च्या मार्चमध्ये महाराष्ट्रात पुन्हा लागू झाला. कायद्याची बाजू आजही प्रशासनाची आहे. विश्वासाची बाजू सांभाळणारा मनुष्य प्रत्येक गल्लीत हवा, आणि तेथे आपला दवाखाना आधीच आहे.

आपत्ती व्यवस्थापन अधिनियम, २००५ अन्वये जिल्हा प्राधिकरणाचे अध्यक्षपद जिल्हाधिकाऱ्यांकडे असते. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने २०१० साली प्रतिसाद यंत्रणेची जी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली, त्यांचे मूळ अमेरिकेतील कॅलिफोर्नियात १९७० च्या दशकात वणव्यांशी झुंजताना आलेल्या अनुभवात आहे. तेथे मनुष्यबळ होते, साधने होती. पण कोणी कोणाचे ऐकावयाचे हेच ठरलेले नव्हते. त्यातून साधे नियम निघाले : प्रत्येकास एकच वरिष्ठ असावा, एका प्रमुखाखाली साधारण पाच माणसे असावीत, सातांहून अधिक नसावीत, आणि पद कोणाचेही असो, काम आधी लिहिलेले असावे.

आपल्याला हे नवे वाटू नये. सूत्रस्थानातील नवव्या अध्यायात वैद्य, द्रव्य, उपस्थाता व रोगी असे चिकित्सेचे चार पाद सांगून प्रत्येकाचे चार गुण दिलेले आहेत. वैद्यास प्राधान्य दिले आहे, कारण जाणणारा, आज्ञा देणारा आणि योजना करणारा तो आहे. परंतु प्राधान्य सांगून ग्रंथ थांबत नाही. उपस्थात्याकडून उपचारज्ञान, दक्षता, रुग्णाविषयी आपुलकी आणि शुचिता अपेक्षिली आहे. द्रव्य पुरेसे असावे, योग्य असावे, उत्तम असावे. रोग्याने सांगितलेले पाळावे, भिऊ नये, आणि आपली अवस्था नीट सांगावी. याहून स्पष्ट अपेक्षापत्र कोणत्या आधुनिक पथकाजवळ असेल? साथीच्या काळात उपस्थाता म्हणजे आशा सेविका, परिचारिका, १०८ रुग्णवाहिकेवरील वैद्यकीय अधिकारी, आपल्या दवाखान्यातील मदतनीस. द्रव्य म्हणजे औषधालय. रोगी म्हणजे संपूर्ण मोहल्ला.

औषधालयांच्या चालकांशी येथे थोडे परखडपणे बोलतो, राग नसावा. २०२० साली गुळवेल, सुंठ, तुळस यांची मागणी एकाएकी वाढली, तेव्हा काहींनी भाव राखले आणि काहींनी वाढविले. गिऱ्हाईक दोघांनाही विसरलेले नाही. जनपदोद्ध्वंसाचे मूळ सांगताना चरकाने अधर्माकडे बोट दाखविले आहे. देशाचे, नगराचे प्रमुख धर्म सोडून वागतात आणि त्यांच्या आश्रयाने राहणारे व व्यवहारावर जगणारे लोक तो अधर्म वाढवितात, असे तेथील प्रतिपादन आहे. त्या ओळीत आपण सर्वच बसतो.

याच नदीच्या उगमाकडील उदाहरण पाहा. २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये छिंदवाडा जिल्ह्यातील परासिया परिसरात ‘कोल्ड्रिफ’ या खोकल्याच्या सिरपमुळे मूत्रपिंडे निकामी होऊन वीसहून अधिक बालके दगावली. त्यांपैकी अनेकांवर नागपूरच्या रुग्णालयांत उपचार झाले. तमिळनाडूच्या औषध नियंत्रण विभागाच्या तपासणीत त्या औषधात ४८.६ टक्के डायइथिलीन ग्लायकोल आढळले. अशा प्रसंगात औषध लिहिणाऱ्यास एकच बालक दिसते, विकणाऱ्यास बाटली दिसते, रुग्णालयास मूत्रपिंड दिसते. तिघांची माहिती कोणीतरी एका कागदावर आणली, तरच कारण दिसते. असा कागद लिहिणे हे नेतृत्वाचेच काम आहे.

आपले काही बंधू म्हणतील, की संकटकाळी आम्हांस बोलावले जाते आणि संकट सरल्यावर विसरले जाते. काम सर्वांइतके, मानधन मात्र कमी. ही तक्रार खोटी नाही. १०८ सेवेत, राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकांत, उपकेंद्रांवर समुदाय आरोग्य अधिकारी म्हणून आपल्याच पदवीधरांनी मोठा भार वाहिला आहे. संघटनेने त्यांच्या वेतनासाठी, विम्यासाठी आणि सुरक्षेसाठी भांडलेच पाहिजे. परंतु ज्याची तयारी लिखित आहे, त्याचा हक्कही लिखित होतो. साथ आल्यावर आम्हांसही घ्या असे म्हणणाऱ्यास मिळेल ते काम करावे लागते. आधीच आपली यादी देणाऱ्याशी प्रशासनास बोलावे लागते.

म्हणून प्रत्येक शाखेपुढे काही सूचना ठेवतो. मृग नक्षत्र लागण्यापूर्वी प्रत्येक शाखेने एका पानाचा कागद तयार करावा : प्रमुख कोण, तो आजारी पडल्यास दुसरा कोण, तिसरा कोण, प्राथमिक आरोग्य केंद्राशी बोलणारा एकच मनुष्य कोण. प्रमुख ज्येष्ठच असावा असे नाही. रात्री दूरध्वनी उचलणारा असावा.

दुसरे, दर शनिवारी सभासदांनी ताप, अतिसार व कावीळ यांच्या रुग्णांची संख्या आणि औषधविक्रेत्यांनी विक्रीतील ठळक वाढ त्या एका मनुष्यास कळवावी, आणि त्याने ती वैद्यकीय अधिकाऱ्यांस द्यावी. नावे देऊ नयेत, वस्ती तेवढी द्यावी. एकात्मिक रोग सर्वेक्षण कार्यक्रम २००४ पासून आहे. खाजगी वैद्यांची माहिती त्यात पोहोचली, तर साथ आठवडाभर आधी दिसेल.

तिसरे, रुग्ण पुढे पाठविण्याच्या मर्यादा भिंतीवर लावाव्यात. श्वसनरोगाच्या साथीत प्रौढाचा प्राणवायू ९४ च्या खाली गेला, की चर्चा न करता पाठवावे. पावसाळ्यात गवतात काम करणाऱ्यास पाच दिवसांवर ताप असेल तर स्क्रब टायफस मनात आणावा, अंगावर काळी खपली शोधावी आणि त्याच दिवशी तपासणीस पाठवावे. डॉक्सिसायक्लिनने बरा होणारा हा रोग विलंबाने मारतो.

चौथे, साथीवर आपल्याजवळ खात्रीचा उपाय आहे अशी जाहिरात कोणत्याही सभासदाने किंवा औषधालयाने करू नये. एकाच्या अतिशयोक्तीने सर्वांचा विश्वास जातो, आणि तोच आपले भांडवल आहे.

शेवटचे, आपल्या मदतनिसांचा विचार करावा. त्यांना मास्क, विश्रांती आणि आजारपणातील वेतन देणे ही प्रमुखाकडून असलेली पहिली अपेक्षा आहे. जो आपल्या माणसांना जपत नाही, त्याचे ऐकण्यास त्यांनी का थांबावे?

माझ्या टेबलाच्या काचेखाली आता एक कागद आहे. त्यावर पाच दूरध्वनी क्रमांक आहेत आणि ९४ हा आकडा लाल शाईने लिहिलेला आहे. नदीपलीकडच्या त्या तरुण मित्राचा क्रमांक सर्वांत वर आहे. हा कागद तयार करण्यास मला अर्धा तासही लागला नाही. तो २०२१ च्या एप्रिलपूर्वी तेथे असावयास हवा होता. आपल्या टेबलावर तो या पावसाळ्यापूर्वी असावा, एवढीच विनंती.