विद्यापीठ निवडताना परतीची वाट मोकळी ठेवा

भंडाऱ्यातील एका परिचित कुटुंबात गेल्या वर्षी एक चांगला पेच उभा राहिला. चांगला अशासाठी की, असा पेच पडावा ही त्या घरातील दोन पिढ्यांची इच्छा होती. वडील शिक्षक, आई गृहिणी. मुलगा धातुशास्त्राचा अभियंता. पदव्युत्तर शिक्षणासाठी त्याला दोन विद्यापीठांची प्रवेशपत्रे आली, एक अमेरिकेतून आणि दुसरे जर्मनीतून. घरातले सगळे एकत्र बसले आणि मलाही बोलावणे आले. मुलगा म्हणाला, "काका, जागतिक क्रमवारीत अमेरिकेतले पुढे आहे. मग प्रश्न तो काय?"

प्रश्न होता आणि तो क्रमवारीपेक्षा मोठा होता.

क्रमवारी संपूर्ण विद्यापीठाची लागते. त्यात कायदा, वैद्यक, व्यवस्थापन असे सारेच विषय मोजले जातात. विद्यार्थी मात्र एका विभागात, एका प्रयोगशाळेत, एका मार्गदर्शकाच्या हाताखाली शिकतो. जर्मनीत फ्रायबर्ग येथे १७६५ साली स्थापन झालेले खनिजविद्येचे विद्यापीठ आहे. अमेरिकेत कोलोरॅडो राज्यातील गोल्डन या गावी १८७४ पासून अशीच एक संस्था आहे. सर्वसाधारण क्रमवारीच्या पहिल्या पानावर ही नावे शोधून सापडणार नाहीत. परंतु खाणी आणि धातू यांच्या क्षेत्रात त्यांना जगभर मान आहे. ज्या जिल्ह्यात चिखला आणि डोंगरी बुजुर्ग येथे मँगनीजच्या खाणी आहेत आणि वरठीला पोलाद तयार होते, त्या जिल्ह्यातील मुलाने तरी ‘विद्यापीठ कितवे?’ यापेक्षा ‘माझ्या विषयाची भट्टी कुठे पेटलेली आहे?’ हे आधी विचारायला हवे.

त्या दोन विद्यापीठांत या कसोटीवर उणे-अधिक फारसे नव्हते. फरक पैशाचा होता. अमेरिकेतील शुल्क आणि राहण्याचा खर्च धरून सुमारे पन्नास लाखांचे कर्ज काढावे लागणार होते. साडेसात लाखांवरील शैक्षणिक कर्जाला सरकारी बँका सामान्यतः तारण मागतात. शेतजमीन त्यासाठी सहसा चालत नाही. म्हणजे राहते घर गहाण पडणार. दहा टक्के व्याज धरले तरी वर्षाला पाच लाख, महिन्याला सुमारे बेचाळीस हजार रुपये केवळ व्याजाचे. मुद्दल वेगळेच.

जर्मनीतील बहुतेक सरकारी विद्यापीठे शिकवणी शुल्क घेत नाहीत. सगळीच नव्हेत. बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्यात युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांना २०१७ पासून प्रत्येक सत्राला दीड हजार युरो भरावे लागतात, आणि म्युनिकच्या तंत्रविद्यापीठाने २०२४ पासून त्याहून अधिक शुल्क लावले आहे. आमच्या मुलाला आलेल्या प्रवेशपत्रात ते नव्हते. पण राहण्याचा खर्च होताच. वर्षभराच्या निर्वाहासाठी ११,९०४ युरो आधीच खात्यात बांधून ठेवावे लागतात. शंभर रुपयांचा युरो धरला तर ते जवळपास बारा लाख होतात. कागदपत्रांच्या पडताळणीचे प्रमाणपत्र २०२२ च्या नोव्हेंबरपासून बंधनकारक आहे. शिवाय वर्गात इंग्रजी चालली तरी कारखान्यात आणि बाजारात जर्मन भाषेवाचून भागत नाही. ती मेहनत नको असेल त्याने तिकडे वळू नये.

अमेरिकेच्या बाजूनेही बोलले पाहिजे. भाषेची अडचण नाही, संशोधनाचे वातावरण मोठे, आणि तंत्रशाखांच्या पदवीधराला शिक्षणानंतर एक वर्ष अधिक दोन वर्षे प्रत्यक्ष कामाची मुभा मिळत आली आहे. विद्यापीठाने साहाय्यकवृत्ती देऊन शुल्क माफ केले असते तर मी निःशंकपणे अमेरिका सुचविली असती. पण सारे कर्जावर जायचे असेल, तर हप्ते फेडण्यासाठी तिथेच नोकरी मिळाली पाहिजे, हे गृहीत धरावे लागते. ते गृहीतक आपल्या हाती नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये एच-वन-बी परवान्याच्या काही नव्या अर्जांवर एक लाख डॉलरचे शुल्क लावणारा आदेश निघाला, तेव्हा किती घरांतील हिशेब एका रात्रीत कोलमडले असतील, याची कल्पना करावी.

म्हणून माझे मत असे की, दोन विद्यापीठांतून निवड करताना शेवटची कसोटी एकच असावी : शिक्षण संपल्यावर परत यायचे की नाही, हे ठरवण्याचे स्वातंत्र्य कुठे अधिक शिल्लक राहते? जो परत येतो तो देशभक्त आणि जो राहतो तो स्वार्थी, अशी सोपी विभागणी मी करणार नाही. परंतु ज्याला परत यायचे आहे, त्याला बँकेच्या हप्त्यापायी परदेशात अडकून पडावे लागणे, ही मात्र मोठी हानी आहे. त्याची आणि आपलीही.

याचे उदाहरण शोधायला दूर जावे लागत नाही. १९५४ साली ज्यांनी भंडाऱ्यातून लोकसभेची पोटनिवडणूक लढवली आणि ज्यांना आपण पराभूत केले, त्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी दोन परदेशी विद्यापीठांत शिक्षण घेतले. बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर ते १९१३ मध्ये कोलंबियाला गेले, तेथून १९१६ मध्ये लंडनला. शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ मध्ये अभ्यास अर्धा सोडून त्यांना परतावे लागले. मुंबईत प्राध्यापकी करून साठवलेले पैसे, मित्राकडून घेतलेले कर्ज आणि शाहू महाराजांचे साहाय्य यांच्या बळावर १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला गेले आणि पदवी घेऊनच परतले. मधल्या काळात करारानुसार ते बडोद्याला नोकरीस गेले होते. तेथे अस्पृश्यतेपायी त्यांना राहायला घर मिळेना, आणि नोकरी सोडावी लागली. परतणाऱ्याने शब्द पाळला, समाजाने पाळला नाही.

याच्या उलट चित्र किर्लोस्करवाडीचे आहे. शंतनुराव किर्लोस्कर १९२२ मध्ये अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रसंस्थेत यंत्रविद्या शिकायला गेले आणि १९२६ मध्ये पदवी घेऊन आले. त्यांच्यापुढे वडिलांनी माळरानावर उभा केलेला कारखाना होता. शिकलेले लावून पाहायला जागा होती. ती प्रत्येकाला वारशाने मिळत नाही. भंडाऱ्याच्या शिक्षकाच्या मुलाला तर नाहीच.

तेव्हा जबाबदारी दुहेरी आहे. पालकांनी प्रतिष्ठेसाठी घर गहाण टाकू नये. आणि येथील उद्योजकांनी, महाविद्यालयांनी, जाणत्या मंडळींनी परतलेल्या अभियंत्याला काम, प्रयोगशाळा आणि मान देण्याची तयारी ठेवावी. ‘इकडे कशाला आलास?’ हा प्रश्न आपण त्याला विचारतो, तेव्हा पुढच्या दहा जणांची वाट आपणच बंद करतो.

त्या घरात त्या दिवशी निर्णय झाला नाही. चार दिवसांनी वडिलांचा दूरध्वनी आला. मुलाने जर्मनी निवडली होती. पुढे काही महिने तो सकाळच्या गाडीने वरठीहून नागपूरला जर्मन शिकायला जात असे. कर्ज काढावे लागलेच, पण घराची कागदपत्रे कपाटातच राहिली. दोन वर्षांनी तो कुठे राहील ते त्याचे तो ठरवील. ठरवू शकेल, हे महत्त्वाचे.