दहा रुपयांचा आकडा

आमचा पुतण्या आठवीत आहे. परवा त्याचा गृहपाठ बघायला वही उघडली, तर शेवटच्या पानावर पेन्सिलीने आकड्यांच्या रांगा लिहिलेल्या. दोन-दोन आकड्यांच्या जोड्या, काहींभोवती गोल केलेले. आम्हाला वाटले, गणिताचा काही सराव असेल. विचारले तर तो सहज म्हणाला, "ते माझं नाही. छोट्या दादांनी लिहिलंय. मला विचारत होते, तीन दिवस सात आला, आता उद्या काय येईल?"

छोटे दादा म्हणजे आमचे चाचा. वय पंचाहत्तरच्या घरात. पाच वक्तचे नमाजी. कुणाचे चार आणे बुडवले नाहीत, कुणाशी वर आवाजात बोलले नाहीत. आमची नोकरी सांगलीत आणि घर साताऱ्यात. शनिवारची सकाळची शाळा सुटली की कराडमार्गे एसटीने घरी येतो, ते थेट चाचांच्या ओट्यावर चहाला. इतकी वर्षे ही रीत. पण अस्रनंतर रोज चाचा "जरा चौकात जाऊन येतो" म्हणून उठतात ते कशासाठी, हे आम्ही कधी विचारले नव्हते. खरे सांगायचे तर घरात सगळ्यांना माहीत होते. विचारायचे तेवढे राहिले होते.

आम्ही वही घेऊन त्यांच्यासमोर बसलो. ते हसले. "अरे बाबा, दस रुपये का खेल है ये. जुगार अलग रहता."

हे वाक्य आपल्यापैकी अनेकांनी घरात ऐकले असेल. आपल्या बुजुर्ग मंडळींच्या मनात जुगार म्हणजे घर विकणारा, बायकोचे दागिने मोडणारा, पोलिसांच्या धाडीत सापडणारा माणूस. रोज दहा-वीस रुपयांचा आकडा, दिवाळीच्या सुमारास घेतलेले लॉटरीचे तिकीट, कट्ट्यावर पाच-दहा रुपये लावून टाकलेला पत्त्यांचा डाव, हे त्यांच्या हिशेबी चहा-सुपारीच्या खर्चात मोडते.

चाचांच्या या सवयीचा माग मुंबईत निघतो. सातारा-सांगलीतून हजारो माणसे गिरण्यांत कामाला गेली, त्यांत चाचाही होते. मुंबईत त्याआधीपासून न्यूयॉर्कहून तारेने येणाऱ्या कापसाच्या भावांतल्या आकड्यांवर पैजा लागत. साठच्या दशकाच्या सुरुवातीला ते बंद पडले. मग 1962 साली कल्याणजी भगत यांनी वरळीत आणि 1964 साली रतन खत्री यांनी स्वतःचा आकडा काढायला सुरुवात केली. मडक्यातून चिठ्ठी काढायची म्हणून नाव पडले मटका. पुढे चिठ्ठीच्या जागी पत्ते आले, नाव तेच राहिले. पाळी सुटली की गिरणगावात ओपन काय आला, क्लोज काय आला, याचीच चर्चा. चाचा सांगतात, खोलीत अठरा जण राहायचे आणि अठराही जण आकडा लावायचे. न लावणारा शिष्ट ठरायचा.

18 जानेवारी 1982 ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. चाचा वर्षभर वाट पाहून गावी परतले, सायकल दुरुस्तीचे दुकान टाकले. गिरणी सुटली, खोली सुटली, अठरा सोबती पांगले. त्या दिवसांतले एकच काही बरोबर आले, ते म्हणजे संध्याकाळचा आकडा. 1887 च्या जुगार प्रतिबंधक कायद्याने तो तेव्हाही गुन्हा होता आणि आजही आहे. पण चाचांना त्यात कायदा दिसत नाही, जवानी दिसते.

आम्ही भाषेचे शिक्षक. उर्दू आणि मराठी शिकवतो. हिशेबासाठी शाळेतल्या गणिताच्या सरांना गाठले. त्यांनी फळ्यावर मांडले ते असे. समजा, दहा माणसांनी शून्य ते नऊ अशा दहा आकड्यांवर प्रत्येकी 10 रुपये लावले. जमले 100. आकडा लागेल त्याला एकास नऊ या दराने मिळतात 90. उरलेले 10 घेणाऱ्याच्या खिशात. दुसऱ्या दिवशी तेच 90 पुन्हा लावले तर परत येतात 81. असे दहा दिवस केले की दहा जणांच्या 100 रुपयांतले जेमतेम 35 उरतात. कोण जिंकले, कोण हरले, ही त्या दहा जणांची आपसातली गोष्ट. घेणारा रोज जिंकतो. जोडीला एकास नव्वद, पण जोड्या शंभर. म्हणजे हिशेब तोच. आणि तीन दिवस सात आला म्हणून चौथ्या दिवशी तो येणार नाही किंवा नक्की येईल, असे काही नसते. काल काय काढले, ते मडक्याच्या लक्षात राहत नाही.

हा हिशेब आम्ही चाचांना सांगितला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतला आणि म्हणाले, "मालूम है रे." आम्हाला वाटले होते की त्यांना हिशेब कळत नाही म्हणून ते लावतात. त्यांना तो आमच्यापेक्षा आधी कळला होता.

लॉटरीची गोष्ट जरा वेगळी. आमच्या मरहूम नानी मिरजेला असत. पत्त्यांना त्यांनी आयुष्यात हात लावला नाही, पण लॉटरीचे तिकीट मात्र घ्यायच्या आणि पानाच्या डब्यात ठेवायच्या. त्यांचे म्हणणे, "ते सरकारचं आहे. सरकार हराम कशाला विकेल?" महाराष्ट्र राज्य लॉटरी 1969 साली सुरू झाली, आणि लोकांना मटक्यापासून वळवायचे हाही तिचा एक हेतू सांगितला गेला. तिकिटाचा पैसा सरकारी तिजोरीत जातो, त्यातून लोकांची कामे होतात, असा नानींचा विश्वास.

इथे एक जुनी गोष्ट सांगण्यासारखी आहे. अरबस्तानात इस्लामपूर्व काळात 'मैसिर' नावाचा जुगार होता. उंट कापून त्याचे वाटे करत आणि दहा बाण ओढत. सात बाणांना वाटा, तीन कोरे. ज्यांच्या वाट्याला कोरे बाण येत, त्यांनी उंटाची किंमत भरायची. आणि जिंकलेले मांस पुष्कळदा गोरगरिबांत वाटले जाई. म्हणजे त्या जुगारातही धर्मादाय होता, आणि त्याचा अभिमानही होता. कुरआनने सूरह बकरामध्ये जुगारात लोकांचा काही फायदा असतो हे नाकारलेले नाही, मात्र त्यातले पाप त्या फायद्याहून भारी ठरवले. पुढे सूरह माइदामध्ये त्यापासून दूर राहण्याचा साफ हुकूम आला आणि कारणही सांगितले गेले: यातून माणसामाणसांत वैर येते आणि अल्लाहची आठवण सुटते. नानींच्या प्रश्नाचे उत्तर त्यात आहे. पैसा कुठल्या चांगल्या कामाला गेला, यावरून तो कसा आला हे बदलत नाही.

आता सांगलीची गोष्ट. आमचे एक ज्येष्ठ सहकारी निवृत्त होऊन चार वर्षे झाली. मुलगा पुण्यात, मुलगी सासरी. घरी ते आणि वहिनी. सर पहिल्यापासून रमीचे शौकीन, पण पैसे न लावता खेळणारे. निवृत्तीनंतर मुलाने चांगला मोबाइल घेऊन दिला आणि त्यावर कुणीतरी रमीचे अ‍ॅप दाखवले. सुरुवातीचे पैसे कंपनीनेच दिले होते. आम्ही एकदा टोकले तर म्हणाले, "रमी कौशल्याचा खेळ आहे, सुप्रीम कोर्टाने म्हटलंय." ते खरे होते. 1967 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ मानला आहे. पण त्याच निकालात असेही आहे की खेळ भरवणारा पैशांच्या डावातून स्वतः नफा काढत असेल, तर तो गुन्हा ठरू शकतो. सरांनी निकालाचा पहिला भाग लक्षात ठेवला होता.

वहिनींना कळले ते बँकेत पासबुक भरून घेताना. दोन वर्षांत ग्रॅच्युइटीतले अडीच लाख गेले होते. कधी दोनशे, कधी पाचशे, बहुतेक नोंदी रात्री एक-दोनच्या. वहिनी शेजारच्या खोलीत झोपलेल्या असायच्या.

ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा नवा कायदा केला. पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ, मग ते कौशल्याचे असोत वा नशिबाचे, चालवायला आणि त्यांची जाहिरात करायला बंदी आली. चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड. खेळणाऱ्याला मात्र शिक्षा नाही. सरांच्या मोबाइलवरचा पैशांचा डाव बंद झाला. आम्ही भेटायला गेलो तेव्हा ते म्हणाले, "सुटलो. पण रात्री झोप लागत नाही, आणि आता करायलाही काही नाही." कायद्याने दार लावले, ते चांगलेच झाले. पण त्या दारात सर रात्री एक वाजता का उभे राहायचे, हे कायदा विचारत नाही. ते आपल्याला विचारावे लागेल. लपून चालणारे दुसरे दरवाजे अजून आहेत.

चाचांच्या आकड्यात आणि सरांच्या रमीत एक फरक आम्हाला जाणवतो. चाचा चौकात जात. चिठ्ठी देताना चार माणसे दिसत, कुणी हटकत असे, खिशातले संपले की परत येत. मोबाइलमध्ये हटकणारे कुणी नाही आणि खिसा म्हणजे सारे बँक खाते. म्हातारपणी नजर अधू, हात थरथरता, पण बोट टेकवले की पैसे जातात.

आणि आता आमची चूक. दोन वर्षांपूर्वी चाचींच्या डोळ्याला मोतीबिंदू झाला. ऑपरेशन मिरजेला करायचे ठरले. त्यासाठी चाचांनी डब्यात आठ हजार जमवले होते. हिवाळा आला, गेला. चाची म्हणायच्या, "इस जाड़े में नको, अगले साल देखेंगे." डोळ्याला त्रास नाही, घाई कशाला, असे सगळ्यांना सांगायच्या. भाकरी चाचपून उलटायच्या. आम्हाला संशय आला, डबा उघडला, त्यात सहाशे रुपये होते. आम्ही चिडलो. सुना, नातवंडे, सगळ्यांसमोर चाचांना म्हणालो, "नमाज पढता आणि हे करता? हरामाचा पैसा घरात नको."

चाचा काही बोलले नाहीत. त्या दिवसापासून ओट्यावर बसणे बंद झाले. आम्ही आलो की ते आत जात. आकडा मात्र सुटला नाही. उलट दहाचे पन्नास झाले, कारण आता गेलेले परत आणायचे होते. चाचींनी एकदा आम्हाला बाजूला घेऊन सांगितले, "तुम बोले सो सच बोले. पर बच्चों के सामने नको बोलना था."

आम्ही बोललो ते खरे होते. पण बोलण्याचा शेवट तिथेच करून आम्ही मोकळे झालो. हराम हा शब्द दरवाजासारखा आपटला आणि चाचा बाहेर राहिले. तौबा करणाऱ्याला परत यायला वाट लागते. ती ठेवणे घरातल्यांचे काम असते.

पुढे आम्ही माफी मागितली. त्यांच्याशी एकट्याने बोललो. तेव्हा त्यांनी पहिल्यांदा सांगितले, "दुकान पोराने घेतलं. मला म्हणतो, अब्बा, तुम्ही आराम करा. दिवसभर मला कुणी काही विचारत नाही. संध्याकाळी आकडा लावला की रात्रीपर्यंत कशाची तरी वाट बघायला मिळते."

यावर आम्हाला उत्तर सुचले नाही. आजही पूर्ण सुचलेले नाही. जे केले ते सांगतो. चाचींचे ऑपरेशन घरातल्या सगळ्यांनी मिळून करून आणले. चाचांच्या मुलाने अस्र ते मगरिब या वेळात दुकानाचा गल्ला त्यांच्याकडे दिला. नावापुरता नव्हे, हिशेबासकट. मोठी शिल्लक दोघांच्या नावे ठेवीत टाकली. हातखर्चाचे पैसे मात्र त्यांच्याच हाती राहू दिले, कारण आयुष्यभर कमावलेल्या माणसाला दहा रुपयांसाठी हात पसरायला लावणे हाही जुलूमच. सांगलीत वहिनींनी सरांना 14416 या सरकारी टेली-मानस क्रमांकावर बोलायला लावले. हा क्रमांक चोवीस तास चालू असतो, मराठीतही बोलता येते आणि पैसे लागत नाहीत. शिवाय मोहल्ल्यातल्या दोन मुलांची मराठीची शिकवणी सरांनी सुरू केली आहे.

आकडा पूर्ण सुटला का? चाचांच्या तोंडून ऐकले ते असे: "कभी कभी जाता हूँ. पर अब बोल के जाता हूँ." वहीतली ती रांग त्याच 'कधी कधी'ची. पुतण्याला आम्ही एवढेच सांगितले की छोट्या दादांना उद्या कोणता आकडा येईल ते सांगू नकोस. त्यांना गिरणीच्या दिवसांबद्दल विचार. तो विचारू लागला आहे. गेल्या शनिवारी आम्ही पोहोचलो तेव्हा अठरा जणांच्या खोलीत भात कोण शिजवायचे, यावर दोघांचे बोलणे रंगले होते. मगरिबची अजान झाली तेव्हा चाचा ओट्यावरच होते.

आपल्या घरातही एखादे चाचा, नाना किंवा नानी असतील. त्यांचा दुपार ते मगरिबचा वेळ कसा जातो, हे या आठवड्यात एकदा त्यांच्याजवळ बसून विचारा. उत्तर येईपर्यंत उठू नका.