नौका, धनुष्य आणि इतिहासाचा विसर

‘व्हायकिंग’ हा शब्द उच्चारला की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे एक ठराविक चित्र उभे राहते : शिंगांचे शिरस्त्राण, पिंगट दाढी आणि हातात परजलेली कुऱ्हाड. यांतली शिंगे तर साफ खोटी. व्हायकिंग काळातील शिंगांचे एकही शिरस्त्राण आजवर सापडलेले नाही. 1876 साली जर्मनीत रिचर्ड वाग्नरच्या संगीतनाटकासाठी जी वेषभूषा तयार झाली, तिच्यामुळे ती लोकांच्या मनात रुजली. शिंगे गळून पडली तरी एक समजूत शिल्लक राहतेच, की या दर्यावर्दी लोकांचे सामर्थ्य तलवारबहाद्दरांच्या मनगटात होते. मला हे मत मान्य नाही. ते सामर्थ्य मुख्यतः नौकेत होते, आणि समुद्रावरील लढाईत नौकेच्या खालोखाल धनुष्यात होते. म्हणजेच ते सुतारांच्या, सूत कातणाऱ्या बायकांच्या आणि साध्या शेतकऱ्यांच्या हातांत होते.

आधी नौकेकडे पाहू. 1880 साली नॉर्वेत गोकस्टाड येथे एका दफनाच्या टेकाडाखाली नवव्या शतकाच्या अखेरीची नौका मिळाली. लांबी सुमारे 23 मीटर, वल्ही 32, लाकूड ओकचे. फळ्या कौलांप्रमाणे एकमेकींवर चढवून लोखंडी खिळ्यांनी जखडलेल्या. त्यामुळे नौका हलकी आणि लवचीक. लाटेशी झुंजण्याऐवजी किंचित वाकून तिला वाट देणारी. 1893 साली या नौकेची प्रतिकृती नॉर्वेहून अटलांटिक ओलांडून अमेरिकेस पोहोचली, तेव्हा शंकेखोरांची तोंडे बंद झाली.

पुढे 1962 मध्ये डेन्मार्कच्या रोस्किल्ड खाडीच्या तळातून पाच नौका बाहेर काढण्यात आल्या. त्यांतली सर्वांत लांब युद्धनौका सुमारे 30 मीटरची. ती 1042 च्या सुमारास आयर्लंडमध्ये, डब्लिनच्या परिसरातील ओक वृक्ष तोडून बांधली गेली, हे लाकडातील वार्षिक वलयांवरून सिद्ध झाले. एवढे मोठे जहाज, पण पाण्यात बुडे जेमतेम मीटरभर! म्हणून ते नदीत शिरे, वाळूवर चढे. बंदराची त्याला गरज नसे. 793 मध्ये लिंडिसफार्नचा मठ लुटला गेला आणि 885 मध्ये सीन नदीतून वर येऊन पॅरिसला वेढा पडला, तो अशाच उथळ नौकांच्या बळावर. आणि शीड? लोकर कातून ते विणायला नौका बांधण्याइतकेच, किंबहुना अधिक श्रम पडत असावेत, असे आधुनिक प्रयोगांवरून दिसते. हे श्रम प्रामुख्याने बायकांचे. त्यांतल्या एकीचेही नाव आपल्याला ठाऊक नाही.

आता लढाईकडे वळू. शत्रूचे जहाज फोडणारी चोच या नौकांना नव्हती. मोठ्या लढाईत जहाजे दोरांनी एकमेकांना बांधून तरंगते रणांगण तयार करीत. जवळ येईपर्यंत बाण, मग भाले आणि दगड, आणि शत्रूचा काठ विरळ झाला की त्यावर उडी. तलवारीची पाळी येई ती शेवटी. नॉर्वेच्या जुन्या गुलातिंग कायद्यात आरमारी सेवेसाठी प्रत्येक बाकामागे एक धनुष्य आणि दोन डझन बाण असलेच पाहिजेत असा दंडक आहे. कायदा कवितेसारखा अतिशयोक्ती करीत नाही. प्रत्यक्षात काय लागते तेच तो मागतो.

इ.स. 1000 च्या सुमारास स्वोल्डर येथे राजा ओलाफ त्रिग्वासन शत्रूंच्या घेऱ्यात सापडला. दोन शतकांनंतर स्नोरी स्तुर्लुसनने लिहिलेल्या कथेप्रमाणे एइनार नावाचा अठरा वर्षांचा धनुर्धर राजाच्या नौकेवरून शत्रूच्या सरदारावर नेम धरीत होता. दोन बाण थोडक्यात हुकले. तिसऱ्याच्या वेळी शत्रूच्या तिरंदाजाचा बाण त्याच्या धनुष्यावर बसला आणि ते मोडले. काय मोडले, असे राजाने विचारताच, आपल्या हातून नॉर्वेचे राज्य गेले, अशा अर्थाचे उत्तर त्या पोराने दिले. कथेतला रंग सोडून देऊ; पण राज्य धनुष्यावर अवलंबून असते हे ऐकणाऱ्यांना पटत होते, एवढे त्यातून निश्चित दिसते. 1066 मध्ये स्टॅमफर्ड ब्रिज येथे राजा हाराल्ड हार्डराडा पडला, तोही सागाकथांनुसार गळ्यात बाण लागून. बाण कोणी सोडला, त्याचे नाव कोणी लिहून ठेवले नाही.

कोणी म्हणेल, अखेर जहाज जिंकले जाई ते तलवारीनेच. खरे आहे. पण तिथवर नेणारा आणि वाट मोकळी करणारा कोण? दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे : ज्या नौकांचे एवढे कौतुक, त्यांतूनच लूट आणि पकडलेले गुलाम वाहून नेले गेले. हेही खरेच. म्हणून कारागिरीचे कौतुक करताना तिचा उपयोग कोणाच्या जिवावर झाला हे विसरता कामा नये. मात्र दोष वाटताना तो राजाच्या पदरी आणि कौशल्य मोजताना तेही राजाच्याच पदरी, हा हिशेब चुकीचा आहे.

असे का झाले असावे? आपल्याकडे वीर म्हटला की राम, अर्जुन, कर्ण असे धनुर्धर आठवतात. उत्तरेच्या कथांत तलवारींचे नामकरण होई. साधे धनुष्य मात्र निनावीच राही. तलवार महाग, श्रीमंतांची; धनुष्य शिकारीचे, शेतकऱ्याचेही. दरबारी कवी जेवत ते राजाच्या पंक्तीला. शिवाय लोखंड थडग्यात टिकते, लाकूड कुजते. हेडेबी बंदराच्या चिखलात यू वृक्षाचे जवळजवळ दोन मीटर लांबीचे एक धनुष्य टिकले, हे केवळ आपले नशीब.

आपणही इतिहास म्हणजे राजे आणि सनावळी असेच पाठ करतो. 793 आणि 1066 हे आकडे उत्तरपत्रिकेत जरूर लिहावेत. पण त्यांच्या शेजारी एक साधा प्रश्नही लिहावा : ही नौका कोणी बांधली, हे शीड कोणी विणले, हा बाण कोणी सोडला? त्याचे उत्तर नावानिशी मिळणार नाही. तरीही तो विचारला नाही, तर आपण इतिहास शिकत नाही, केवळ राजांची वंशावळ घोकतो.