यंत्राचा मेंदू सुटा असावा

मिरजेच्या रेल्वे-स्थानकाची गोष्ट आमच्या वाचकांपैकीं वडील मंडळींस आठवत असेल. १९७१ सालीं पुण्याहून कोल्हापुरास जाणारा मार्ग ब्रॉडगेज झाला, तेव्हां त्या एकाच स्थानकांत तीन निरनिराळ्या रुंदींचे रूळ एकत्र आले : पुणें-कोल्हापूरचा रुंद, लोंढ्याकडील मीटरगेज, आणि पंढरपूर-लातूरकडील अरुंद. एका रुळांवरचे डबे दुसऱ्यांवर चालत नसत. म्हणून माल उतरवावा, हमालांनीं तो वाहावा आणि दुसऱ्या गाडींत पुन्हां भरावा, असा क्रम चाले. त्यांत कोणाचेंहि इंजिन वाईट नव्हतें. मापांचा मेळ नव्हता, एवढाच काय तो दोष. आज तेथील सर्व रूळ एका मापाचे झाले आहेत. संगणकाच्या जगांतहि हाच धडा घेण्याजोगा आहे, असें आम्हांस वाटतें. तो कसा, हें सांगण्यासाठीं हा लेख लिहीत आहों.

संगणक म्हटला कीं मेजावरील पडदा व कळफलक डोळ्यांपुढें उभे राहतात. परंतु जगांतील बहुतेक संगणक कोणाच्या दृष्टीसहि पडत नाहींत. रुग्णालयांतील तपासणीचें यंत्र, स्थानकावरील तिकिटाचें यंत्र, कारखान्यांतील माग, ह्यांच्या पोटांत एक लहानसा संगणक बसविलेला असतो आणि नेमून दिलेलें एकच काम तो वर्षानुवर्षें करीत राहतो. अशा योजनेस एम्बेडेड सिस्टिम म्हणतात. तिचे दोन भाग मानतां येतात. प्रोसेसर व मेमरी हा तिचा मेंदू. आणि मोटारी, दिवे, कळा, तापमान किंवा दाब मोजणारीं साधनें हें तिचें शरीर. आतां प्रश्न असा कीं, हा मेंदू शरीराच्या पाटीवरच कायमचा जडवून टाकावा, कीं ठराविक मापाच्या सुट्या पाटीवर ठेवून शरीरांत खोचावा ? आमचें मत दुसऱ्या पक्षाकडे आहे.

ह्या मतास आमच्याच शाळेंतील एक प्रसंग कारण झाला. २०१९ सालीं विज्ञान-मंडळाच्या दोन विद्यार्थ्यांनीं तासांची घंटा आपोआप वाजविणारें एक यंत्र तयार केलें. घड्याळ, आंकडे दाखविणारा पडदा, घंटेस वीज देणारा रिले आणि ह्या सर्वांवर हुकमत चालविणारी चिप, हें सारें त्यांनीं एकाच पाटीवर मोठ्या कौशल्यानें बसविलें होतें. टाळेबंदीच्या काळांत तें यंत्र बंद खोलींत पडून राहिलें. शाळा पुन्हां भरूं लागली तेव्हां पाहतों तों चिप निकामी झालेली. बाकी सर्व भाग धडधाकट होते. परंतु २०२१ सालीं जगभर चिपांचा दुष्काळ पडला होता; ती चिप बाजारांत मिळेना, आणि जी दुसरी मिळाली तिच्या पायांची मांडणी निराळी. ज्यांनीं पाटी आंखिली ते दोघेहि शाळा सोडून गेलेले. चार पैशांच्या एका तुकड्यापायीं सबंध यंत्र कपाटांत गेलें, आणि शिपाईमामा आजहि हातानेंच घंटा देतात. घंटेचें असें झालें तर कोणाचें फारसें बिघडत नाहीं; पण खेड्यांतील दवाखान्याच्या यंत्राचें असेंच झालें तर ? आमच्या मनास लागून राहिला तो हा विचार.

ह्यावर उद्योगधंद्यांनीं काढलेला तोडगा असा. प्रोसेसर, मेमरी व त्यांना लागणारा वीजपुरवठा एका लहान पाटीवर बसवावयाचा. तिला मॉड्यूल म्हणतात. तिच्या कडेस किंवा पाठीवर ठराविक आकाराचा कनेक्टर असतो. यंत्राचें बाकीचें अंग ज्या मोठ्या पाटीवर असतें तिला कॅरियर बोर्ड, म्हणजे आधार-पाटी, म्हणतात. मॉड्यूल तींत खोचलें कीं यंत्र जागें होतें. मॉड्यूलाची लांबी-रुंदी किती, पेंचांचीं छिद्रें कोठें, कोणत्या पिनेवर कोणता संकेत, उष्णता वाहून नेणारा धातूचा पत्रा किती उंचीवर, हें सर्व आधींच लिहून ठरविलेलें असतें. १९९२ सालीं पीसी/१०४ ह्या नांवानें ९० बाय ९६ मिलिमीटरच्या, एकीवर एक रचतां येणाऱ्या पाट्यांचें माप अनेक उत्पादकांनीं मिळून मान्य केलें. २००५ सालीं पीआयसीएमजी ह्या उत्पादक-संघानें कॉम एक्सप्रेस हें मॉड्यूलाचें माप ठरविलें. त्याचा मध्यम आकार ९५ मिलिमीटरचा चौरस आहे. त्यानंतर आलेल्या स्मार्क ह्या मापाची लहान पाटी तर अवघी ८२ बाय ५० मिलिमीटर, म्हणजे तळहातावर सहज मावेल एवढी आहे.

ह्यापासून पहिला लाभ श्रमविभागाचा. आजच्या प्रोसेसरच्या पोटाखालीं सोल्डरचे शेंकडों बारीक मणी असतात. ते हातांतल्या सोल्डरिंगच्या दांडीनें जोडतां येत नाहींत. प्रोसेसर व मेमरी ह्यांमधील वाटांवरून संकेत इतक्या वेगानें धावतात कीं, एक वाट शेजारच्या वाटेपेक्षां थोडी लांब झाली तरी संकेत मागें पडतो. म्हणून त्या सर्व वाटा मोजून सारख्या लांबीच्या कराव्या लागतात. निरनिराळ्या व्होल्टेजचे पुरवठे ठराविक क्रमानेंच सुरू व्हावे लागतात. हें अवघड काम मॉड्यूल करणारा एकदांच करितो आणि तपासून देतो. आधार-पाटी त्या मानानें सोपी असते. मिरजेचा किंवा इचलकरंजीचा एखादा लहान कारखानदार तिच्यावर आपली बुद्धि खर्च करूं शकतो. आणि त्याचें खरें ज्ञान तेथेंच असतें. मागाचा धागा केव्हां तुटतो हें त्यास ठाऊक असतें. मेमरीच्या वाटा सारख्या करणें हें त्याचें काम नव्हे.

दुसरा लाभ दीर्घायुष्याचा. रुग्णालयाचें किंवा कारखान्याचें यंत्र दहा-पंधरा वर्षें चालावें अशी अपेक्षा असते. प्रोसेसर मात्र त्यापूर्वींच जुने होतात. मेंदू सुटा असला तर त्याच मापाचें नवें मॉड्यूल बसवून जुनें शरीर चालू ठेवतां येतें. सबंध यंत्र भंगारांत जात नाहीं. तिसरा लाभ असा कीं, माप अनेकांचें असल्यामुळें एका कारखान्याकडे माल नसला तर दुसऱ्याकडे मागतां येतो.

तथापि एकाच बाजूचें बोलून थांबणें प्रामाणिकपणाचें होणार नाहीं. ज्यास एकाच नमुन्याचीं लाखों यंत्रें करावयाचीं आहेत, त्यास प्रत्येक यंत्रामागें मॉड्यूल व कनेक्टर ह्यांचा खर्च परवडत नाहीं. त्यानें मेंदू पाटीवरच जडवावा हेंच योग्य. शिवाय बाहेरून माप सारखें असलें म्हणजे आंतील अर्थहि सारखा, असें नाहीं. कॉम एक्सप्रेसमध्येंच निरनिराळे प्रकार आहेत. आकार व कनेक्टर तेच राहूनहि पिनांचे अर्थ बदलतात. म्हणून प्रकार पाहिल्यावांचून मॉड्यूल खोचूं नये. आणि संगणकाची आज्ञावली तर कोणत्याच मापानें बांधलेली नाहीं. मेंदू बदलला कीं तिची पुन्हां जुळवाजुळव करावी लागते.

सर्वांत मोठी सावधगिरी निराळीच आहे : माप कोणाच्या हातीं आहे तें पाहावें. रास्पबेरी पाय कॉम्प्यूट मॉड्यूल हें स्वस्त मॉड्यूल २०१४ सालीं मेमरीच्या पट्टीसारख्या आकारांत निघालें व लोकप्रिय झालें. २०२० सालीं त्याची चौथी आवृत्ति आली, तिचा आकार व कनेक्टर दोन्हीहि निराळे. जुन्या आधार-पाटींत ती बसेना. पुढें त्याच कंपनीनें जुन्या ग्राहकांसाठीं जुन्या आकारांतहि नवा मेंदू काढला, हें तिला भूषणावह आहे. परंतु एकाच कंपनीचें माप हें तिच्या इच्छेवर अवलंबून असतें. अनेकांनीं मिळून लिहिलेलें माप एकट्यास मोडतां येत नाहीं. जेथें यंत्रावर कोणाचा प्राण किंवा पोट अवलंबून आहे, तेथें हा भेद विसरून चालणार नाहीं.

कित्येक म्हणतील कीं, सर्व कांहीं आपल्या हातानें करण्यांतच खरें शिक्षण आहे. तयार मेंदू विकत घेऊन विद्यार्थी काय शिकणार? ह्या आक्षेपांत तथ्य आहे, आणि शिकण्यासाठीं म्हणून प्रत्येकानें एकदां तरी चिप स्वतःच्या हातानें जोडावी, असें आम्हीहि म्हणतों. पण जी वस्तु दुसऱ्यांनीं वर्षानुवर्षें वापरावयाची, ती घडवितांना आपल्या हौसेपेक्षां त्यांची सोय मोठी मानली पाहिजे. आपण निघून गेल्यावर आपलें काम अनोळखी माणसासहि दुरुस्त करतां यावें, ही कारागिराची खरी सभ्यता होय.

विज्ञान-मंडळाच्या चालू वर्षींच्या सभासदांस आमची एवढीच सूचना आहे. कपाटांतील तें यंत्र बाहेर काढा. त्याचा रिले, पडदा व घड्याळ अद्याप उत्तम आहेत. ते नव्या आधार-पाटीवर घ्या. मेंदूसाठीं बाजारांत सहज मिळणारी सुटी पाटी व तिला साजेसा कनेक्टर ठेवा. आणि कोणत्या पिनेवर काय आहे तें स्वच्छ अक्षरांत लिहून तो कागद पेटीच्या झांकणाच्या आंतल्या बाजूस चिकटवा. मग पुढें केव्हां चिप जळाली, तर त्या वेळचीं मुलें ती पाटी काढून दुसरी बसवितील, आणि तुमचीं नांवें ठाऊक नसतांहि तुमचे आभार मानतील.