तपासणी गरजेची हवी, काटछाट नको!

विमा दवाखान्यात रक्त द्यायला जाणाऱ्या कामगाराची पाळी बुडते. सकाळी उपाशीपोटी रांग, अहवालासाठी पुन्हा रांग. तपासणीने आजाराचा उलगडा होत असेल तर याचे दुःख नाही. परंतु कागदावरच्या सगळ्या चौकटींवर सरसकट खुणा झाल्या म्हणून ती झाली असेल, तर कामगाराची मजुरी, तंत्रज्ञाचे श्रम आणि विम्याचा पैसा, तिन्ही वाया गेले.

हा पैसा कोणाचा? कर्मचारी राज्य विमा योजना २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूर व दिल्ली येथे सुरू झाली. जुलै २०१९ पासून तिच्यासाठी कामगाराच्या वेतनातून पाऊण टक्का कापला जातो आणि मालक सव्वातीन टक्के भरतो. म्हणून हिशेब मागण्याचा आम्हाला हक्क आहे.

जास्त तपासण्या म्हणजे चांगला उपचार, हा समज चुकीचा आहे. अहवालातील ‘सामान्य’ मर्यादा साधारणपणे निरोगी माणसांपैकी ९५ टक्के बसतील अशी आखलेली असते. एकमेकींशी संबंध नसलेल्या २० तपासण्या धडधाकट माणसावर केल्या, तर निदान एक आकडा मर्यादेबाहेर येण्याची शक्यता ६४ टक्के असते. मग फेरतपासणी, पुन्हा खाडा आणि घरच्यांच्या जिवाला घोर! मधुमेहातील तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी तपासणी पंधरवड्याने पुन्हा करून फारसे काही कळत नाही, कारण तांबड्या पेशींचे आयुष्यच सुमारे १२० दिवसांचे असते.

गर्दीत अडकलेल्या डॉक्टरांना नुसता उपदेश करून हे सुधारणार नाही. नियम बदलले पाहिजेत. आमच्या मागण्या अशा:

१. मागणीपत्रावरील तयार ‘पॅकेज’ काढून टाका. प्रत्येक तपासणी स्वतंत्र लिहिली जावी.

२. ठरावीक मुदतीच्या आत तीच तपासणी पुन्हा हवी असल्यास डॉक्टरांनी कारण नोंदवावे. कारण असेल तर ती अडवू नये.

३. दाखल रुग्णाचे ‘रोज रक्त’ हा आदेश आपोआप चालू राहू नये.

४. आधीचे अहवाल रुग्णाबरोबर मोठ्या रुग्णालयात पोहोचावेत.

५. हे नियम डॉक्टर, तंत्रज्ञ व विमेदार कामगारांचे प्रतिनिधी यांनी मिळून ठरवावेत.

मात्र एक इशारा देणे आमचे कर्तव्य आहे. ‘अनावश्यक’ या शब्दाआड आवश्यक तपासण्यांवर कुऱ्हाड चालवू दिली जाणार नाही. शिसे, सिलिकाची धूळ, कर्कश आवाज यांत राबणाऱ्यांची नियतकालिक तपासणी झालीच पाहिजे आणि तिचा अहवाल कामगाराच्या हाती पडलाच पाहिजे. काम हलके झाले म्हणून तंत्रज्ञांची पदे गोठवणे किंवा प्रयोगशाळा ठेकेदाराला देणे, हेही आम्हाला मान्य नाही. वाचलेला पैसा त्याच दवाखान्यात औषधे, उपकरणे व रिक्त पदे यांवर खर्च व्हावा.

शाखांनी हा विषय स्थानिक समित्यांच्या बैठकीत मांडावा. रांगेतल्या कामगारानेही निःसंकोच विचारावे : “डॉक्टरसाहेब, या तपासणीने माझ्या उपचारात काय बदल होणार?” हा उद्धटपणा नव्हे, वर्गणीदाराचा तो अधिकार आहे.