बुडालेले जहाज वर काढू नका

बुडालेले जहाज वर काढले की ते वाचले, अशी पुष्कळांची समजूत असते. मला ती घातक वाटते, आणि तिचा पुरावा अमेरिकेतल्या मिशिगन सरोवरात मिळतो.

‘ॲल्विन क्लार्क’ हे शिडाचे मालवाहू जहाज १८६४ साली या सरोवराच्या ग्रीन बे नावाच्या फाट्यात वादळात बुडाले. १९६७ मध्ये कोळ्यांची अडकलेली जाळी सोडवायला उतरलेल्या पाणबुड्याला ते सुमारे ११० फुटांवर सापडले, तेही डोलकाठ्यांसह ताठ उभे! समुद्रात लाकूड पोखरणारा किडा असतो. गोड्या पाण्यात तो जगत नाही, आणि तळाचे पाणी तर कमालीचे थंड. १९६९ साली जहाज वर आणले, आतले पाणी उपसले, आणि ते चक्क आपल्या बळावर तरंगू लागले. एका बरणीतले चीजही शाबूत होते म्हणतात.

पुढे मेनॉमिनी गावी ते लोकांना पाहण्यासाठी ठेवले. पण शतकभर भिजलेले लाकूड हवेत सुकले की आक्रसते, तडकते, कुजते. त्यावरच्या उपायांना लागणारा पैसा कधी उभाच राहिला नाही. १९९४ मध्ये उरलासुरला सांगाडा मोडून टाकला. पाण्याने १०५ वर्षे सांभाळलेले माणसांनी २५ वर्षांत संपवले.

कोणी स्वीडनच्या ‘वासा’कडे बोट दाखवील. १९६१ साली वर काढलेले ते जहाज आजही स्टॉकहोममध्ये आहे, हे खरे. पण त्यावर १७ वर्षे रसायनाचे फवारे मारावे लागले. असा खर्च किती जहाजांवर होणार?

त्यापेक्षा ह्युरॉन सरोवरातल्या थंडर बे येथे २००० साली झालेले राखीव क्षेत्र मला शहाणपणाचे वाटते. तेथे बुडी मारून जहाजे खुशाल पाहा, पण परवान्यावाचून काही उचलायचे नाही.

मात्र एक अडचण आहे, ती झाकून चालणार नाही. परदेशी मालवाहू जहाजांच्या पोटातल्या पाण्याबरोबर आलेले क्वागा जातीचे शिंपले या बुडालेल्या जहाजांवर थरावर थर चढवत आहेत. त्यांच्या भाराने लाकूड मोडते, लोखंडी खिळे झिजतात. ‘तळाशीच राहू द्या’ म्हणणे आता पूर्वीइतके सोपे राहिलेले नाही. तरीही वर काढणे हा त्यावरचा उपाय नव्हे; शेकडो जहाजे कोण सुकवणार आणि ठेवणार कोठे? शिंपल्यांनी सारे झाकून टाकण्याआधी पाणबुडे उतरवावेत, फळीन् फळी मोजावी, छायाचित्रे घ्यावीत, आराखडे काढावेत. एक जहाज वर आणून जपण्याच्या खर्चात अशी कितीतरी जहाजे मोजून होतील.