अवजार काढून घेता, तर पावती द्या

प्रति,
मा. महासंचालक, नागरी विमान सुरक्षा ब्यूरो, नवी दिल्ली
तसेच विमान कंपन्यांचे अधिकारी आणि कामगारांची तिकिटे काढणारे कारखान्यांचे व्यवस्थापक



पुणे-लोणावळा लोकलने वडगाव सोडले की कान्हे लागते, मग कामशेत. कान्हे फाट्यावरून आत वळले की टाकवे बुद्रुककडे रस्ता जातो. या सगळ्या पट्ट्यात, खाली तळेगावपर्यंत, मोटारींचे सुटे भाग बनवणारे कारखाने आहेत. पत्रा दाबणाऱ्या प्रेस, त्यांच्या डाय म्हणजे साचे, त्या डाय दुरुस्त करणारे टूलरूम. मावळातली पोरे आयटीआय करून इथे फिटर, टर्नर, डायमेकर होतात. मी टूलरूममध्ये उमेदीची वर्षे काढली आणि आता नव्या मुलांना तेच काम शिकवतो.

आपला भाग ग्राहकाच्या लाइनवर बसेना झाला, की यातल्याच एखाद्या मुलाला साणंदला, चेन्नईला, मानेसरला धाडतात. पूर्वी तो रेल्वेने जायचा आणि अवजारांची पेटी सीटखाली सरकवून झोपायचा. आता ग्राहकाला माणूस उद्या सकाळी हवा असतो, म्हणून विमानाचे तिकीट निघते. पहिला विमानप्रवास, पाठीवर एक सॅक, सॅकमध्ये कपड्यांच्या दोन जोड्या आणि अवजारे. त्या अवजारांसाठी हे पत्र आहे.

मागणी आधीच सांगतो. कोणते लहान अवजार केबिनमध्ये चालेल आणि कोणते नाही, हा नियम सेंटिमीटरमध्ये लिहून जाहीर करा. आणि जे चालणार नाही ते पावतीशिवाय कोणाकडूनही ठेवून घेऊ नका; ते त्याला परत मिळेल अशी सोय करा.

सुरक्षेला माझा विरोध नाही, तपासणी ढिली करा असेही मी म्हणत नाही. २४ डिसेंबर १९९९ रोजी काठमांडूहून दिल्लीला निघालेले आयसी-८१४ पळवून कंदाहारला नेले गेले, त्यात एका तरुण प्रवाशाचा चाकूने जीव घेतला गेला. ते दिवस माझ्या पिढीला अजून आठवतात. त्यानंतर फेब्रुवारी २००० मध्ये जयपूरपासून विमानतळांची सुरक्षा केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाकडे, म्हणजे सीआयएसएफकडे येऊ लागली. पुढच्याच वर्षी ११ सप्टेंबरला अमेरिकेत खोके कापायच्या कटरसारखी हत्यारे घेऊन चढलेल्या माणसांनी काय केले ते जगाने पाहिले. कारखान्यातल्या कुठल्याही स्टोअरमध्ये मिळणारी ती वस्तू. त्यामुळे अवजाराकडे संशयाने पाहणे समजण्यासारखे आहे.

आज नियम असा आहे, की हातोडी, करवत, ड्रिल, पाना, पक्कड, स्क्रू ड्रायव्हर हे हातातल्या बॅगेत नको, चेक-इनच्या बॅगेत चालेल. चष्मा दुरुस्तीचा बारीक स्क्रू ड्रायव्हर तेवढा वगळलेला. हातोडीबद्दल कोणाचे काहीच म्हणणे नाही. अडचण येते ती यादीत ज्यांचे नाव नाही किंवा जी सरसकट ‘अवजारे’ या एका शब्दात कोंबली जातात, त्या वस्तूंची.

फिलर गेज घ्या. बोटभर लांबीचे स्टीलचे कव्हर आणि त्यातून पंख्यासारखी उघडणारी पातळ पाती. प्रत्येक पात्यावर जाडी कोरलेली असते, ०.०५ मिलिमीटरपासून पुढे. सर्वांत पातळ पाते नखाने दाबले तरी वाकते, त्याने कागदही धड कापला जात नाही. पण ०.८ मिलिमीटरचा पत्रा कापायचा असेल तर पंच आणि डाय यांच्यातली फट एका बाजूला पाच-सहा शतांश मिलिमीटर लागते, आणि ती फट तपासायला हेच पाते घालतात. फट बिघडली की कापलेल्या कडेला बर, म्हणजे खरबरीत धार, येतो, बर आला की भाग नाकारला जातो, आणि भाग नाकारला गेला की कान्ह्याहून माणूस विमानात बसतो. क्ष-किरण यंत्राच्या पडद्यावर मात्र ही वस्तू घडीच्या चाकूसारखी दिसते.

किंवा १५० मिलिमीटर मापाचा व्हर्नियर. टोकापासून टोकापर्यंत साधारण २३ सेंटिमीटर भरतो आणि आतले माप घ्यायचे वरचे जबडे टोकदार असतात. ते टोकदार आहेत हे मी नाकारत नाही. तो केबिनमध्ये नको असे तुम्ही ठरवलेत, तर मी मान्य करीन. पण तसे ठरवा आणि लिहा. आज एका विमानतळावरचा जवान तो हातात घेतो, ओळखतो आणि सोडतो. दुसऱ्या विमानतळावर तोच व्हर्नियर बाजूला काढला जातो. चूक दोघांचीही नाही. मागे रांग वाढत असताना, दोन-चार सेकंदांत, ‘अवजार’ या एका शब्दाच्या आधारावर तिथे उभ्या असलेल्या माणसाला निर्णय घ्यावा लागतो. चुकून काही सोडले तर जबाबदारी त्याची, मग तो अडवणारच. ही जोखीम तुम्ही दिल्लीत बसून घ्यायची, ती त्याच्या डोक्यावर का?

माझ्या हाताखाली शिकलेल्या एका मुलाच्या बाबतीत हेच झाले. त्याच्याकडे एलन कीचा साधा संच होता, १.५ पासून १० मिलिमीटरपर्यंतच्या नऊ काड्या, प्लास्टिकच्या क्लिपमध्ये खोचलेल्या. जाताना एका विमानतळावर कोणी विचारले नाही. येताना दुसऱ्या विमानतळावर अडवला. परत जाऊन बॅग चेक-इन करा म्हणाले. काउंटर उड्डाणाच्या तासभर आधी बंद होतो, तो झाला होता. संच तिथल्या ट्रेमध्ये टाकून मुलगा विमानात बसला. कारखान्याच्या स्टोअरमध्ये तो संच त्याच्या नावावर होता. परत आला नाही म्हणून पैसे पगारातून गेले. रक्कम फार मोठी नव्हती. पण त्याच्याकडे दाखवायला एक चिठ्ठीसुद्धा नव्हती, आणि ‘विमानतळावर राहिला’ हे स्टोअरवाल्याला बहाणा वाटले, हे त्या मुलाला जास्त लागले. त्याच्या जागी कोणी व्हर्नियर किंवा मायक्रोमीटर घेऊन असता तर काही हजारांचा फटका बसला असता.

कारखान्यात आम्ही हे कसे करतो ते पाहा. गेटबाहेर जाणारी प्रत्येक वस्तू, अगदी एक ड्रिल बिट असली तरी, रिटर्नेबल गेटपासवर जाते. वस्तूचे नाव, नग, कोणी नेली, कशासाठी, कधी परत येणार, आणि खाली सही. सिक्युरिटीवाला एक प्रत ठेवतो. गेटवर वस्तू अडवली तर तीही नोंदीनेच अडवतात. विमानतळाच्या आतही हेच चालते. टर्मिनलमधला सरकता जिना बिघडला की तंत्रज्ञ तपासणीपलीकडे अवजारे घेऊनच जातो, पण यादी देऊन आणि परवानगी घेऊन. म्हणजे नोंद ठेवून अवजार हाताळायची पद्धत तुमच्याकडेही आहे. ती फक्त तिकीट काढून आलेल्या कामगारापर्यंत पोचलेली नाही.

आता आकड्यांबद्दल. अमेरिकेत डिसेंबर २००५ पासून सात इंचांपर्यंतची, म्हणजे सुमारे १८ सेंटिमीटरची, पाने, पकडी, स्क्रू ड्रायव्हर अशी हातअवजारे केबिनमध्ये चालतात. ज्या देशाने ११ सप्टेंबर सोसला त्याने चार वर्षांत हा निर्णय घेतला, कारण तोवर कॉकपिटची दारे भक्कम झाली होती आणि तपासणाऱ्यांचे लक्ष स्फोटकांवर केंद्रित व्हायला हवे होते. युरोपात मर्यादा कडक आहे: हत्यार म्हणून वापरता येईल असे ६ सेंटिमीटरपेक्षा लांब पाते किंवा दांडा असलेले अवजार नको. यातला कोणता आकडा घ्यायचा हे तुम्ही ठरवा. १८ सेंटिमीटरच्या नियमात त्या मुलाचा अख्खा संच बसतो. ६ सेंटिमीटर धरले तर बारीक तीन काड्याच बसतील. तरीही मला दुसरा नियम आजच्यापेक्षा बरा वाटतो, कारण मुलगा घरातून निघताना फूटपट्टी लावून मोठ्या सहा काड्या मागे ठेवील.

आकड्यात लिहिलेला नियम किती सुरळीत चालतो याचे उदाहरण त्याच कामगाराच्या बॅगेत आहे. बॅटरीवरचे ड्रिल मशीन चेक-इनमध्ये जाते, सुट्या लिथियम बॅटऱ्या मात्र हातातल्या बॅगेत न्याव्या लागतात आणि १०० वॅट-तासांपर्यंत त्यांना हरकत नसते. १८ व्होल्ट, ५ अँपिअर-तासांची बॅटरी म्हणजे ९० वॅट-तास. तिच्यावर आकडे छापलेले असतात. आमच्या मुलांना हा हिशेब तोंडपाठ आहे आणि त्यावरून कोणाचा वाद झालेला मी ऐकलेला नाही. लांबीचा नियमही ते असाच पाठ करतील. मापात काम करणारी माणसे आहेत ती.

आपल्या देशात असे नियम लिहिता येत नाहीत असेही नाही. मार्च २०२२ मध्ये तुमच्याच ब्यूरोने शीख प्रवाशांच्या कृपाणासाठी देशांतर्गत विमानात पात्याची लांबी १५.२४ सेंटिमीटर आणि एकूण लांबी २२.८६ सेंटिमीटर अशी मर्यादा लिहून दिली. ऑक्टोबर २०२४ मध्ये शबरीमलेला जाणाऱ्या भाविकांना इरुमुडीतला, म्हणजे पूजेच्या गाठोड्यातला, नारळ केबिनमध्ये नेण्याची मुभा दिली, तीही २० जानेवारी २०२५ पर्यंत अशी मुदत घालून. लोकांच्या श्रद्धेचा तुम्ही मान राखलात, याचा मला मनापासून आनंद आहे. दसऱ्याला आम्ही टूलरूममध्ये याच व्हर्नियरला, याच एलन कीला हळद-कुंकू आणि झेंडूचे फूल वाहतो. त्यासाठी धार्मिक सवलत मी मागत नाही. पोटापाण्याच्या वस्तूलाही तेवढ्याच काटेकोरपणे नियमात जागा मिळावी, इतकेच मागतो.

‘चेक-इनमध्ये टाका, प्रश्न मिटला’ हे उत्तर मला माहीत आहे. पाना-पकडीसाठी ते योग्य आहे. मापाच्या उपकरणांसाठी पुरेसे नाही. कॅलिब्रेशन करून आणलेला मायक्रोमीटर आपटला तर त्याच्या प्रमाणपत्राला अर्थ उरत नाही, आणि चेक-इनच्या बॅगा कशा टाकल्या जातात ते आपण सगळे खिडकीतून पाहतो. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे फेब्रुवारी २०२१ पासून फक्त हँडबॅग घेऊन जाणाऱ्यांना स्वस्त तिकीट देण्याची परवानगी विमान कंपन्यांना मिळालेली आहे. कारखान्याचा अ‍ॅडमिन विभाग स्वस्त तिकीट शोधतो, आणि ज्याला अवजारे न्यायची आहेत नेमका त्यालाच चेक-इनची बॅग नसलेले तिकीट मिळते. काउंटरवर गेल्यावर बॅगेचे पैसे भरा म्हणतात. ते त्याच्या खिशात नसतात.

पावतीची व्यवस्था अवघड नाही. तपासणीच्या टेबलाशेजारी जाड पाकिटे ठेवा. वस्तू पाकिटात, पाकिटावर नाव, मोबाइल, फ्लाइट, आणि अर्धी चिठ्ठी प्रवाशाच्या हातात. टर्मिनलमध्ये टपाल खात्याचा किंवा कुरिअरचा काउंटर असेल तिथून ते त्याच्या पत्त्यावर जाऊ द्या, खर्च त्याने सोसावा. कान्ह्याच्या पत्त्यावर पार्सल येते. ज्याला परत नको असेल तो तसे लिहून देईल. सुरुवात कुठूनही करा. पुण्याचे नवे टर्मिनल २०२४ च्या जुलैत सुरू झाले. नवी मुंबईहून डिसेंबर २०२५ पासून विमाने उडू लागली आहेत आणि घाट उतरून एक्सप्रेस वेने तिथे पोचणे आम्हा मावळकरांना सोयीचे पडते. नव्या जागी नवी पद्धत बसवायला अडचण कमी येते.

विमान कंपन्यांना सांगणे एवढेच, की तिकीट काढताना पॉवर बँकेबद्दल जसे विचारता तसे ‘सोबत अवजारे आहेत का’ हेही विचारा, आणि यादी मराठीतही पाठवा, मोबाइलवर वाचता येईल अशी.

आणि आमच्या पट्ट्यातल्या व्यवस्थापकांना: दिल्लीतून नियम येईल तेव्हा येईल. तोवर अवजारे घेऊन जाणाऱ्या माणसाचे तिकीट चेक-इन बॅगेसकट काढा. मापाच्या उपकरणांसाठी फोम भरलेली कडक पेटी द्या. नेहमी जिथे माणूस पाठवता त्या ग्राहकाकडे एक संच कायमचा ठेवून द्या. आणि कामावर असताना विमानतळावर गेलेल्या वस्तूचे पैसे त्या मुलाच्या पगारातून कापू नका. तो तुमच्या कामाला गेला होता.

कळावे.

आपला नम्र,
कान्हे येथील एक टूलरूम कामगार, ता. मावळ, जि. पुणे